कप जिंकला, पण युरोपचं दार बंद: आयर्लंडच्या ड्रॉहेडाचं नेमकं काय झालं?

१० नोव्हेंबर २०२४ रोजी डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर ड्रॉहेडा युनायटेडने डेरी सिटीला २-० असं हरवून एफएआय कप, म्हणजे आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचा कप जिंकला. ड्रॉहेडा हे डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीकाठी वसलेलं गाव. त्यांचा क्लब त्या मोसमात दहा संघांच्या लीगमध्ये नववा आला होता. कप हातात आल्यावर सहाच दिवसांनी याच संघाला दुसऱ्या श्रेणीत घसरू नये म्हणून ब्रे वाँडरर्सशी झुंजावं लागलं. तो सामना त्यांनी जिंकला. मग पुढच्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने निकाल दिला, की कपविजेता म्हणून मिळालेली युरोपातली जागा ड्रॉहेडाला मिळणार नाही.

फुटबॉल अधूनमधून बघणाऱ्या माणसाला यात तीन गोष्टी चक्रावून टाकतात. नववा संघ कप कसा जिंकतो? डेरी तर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. मग तिथला क्लब डब्लिनच्या कपात कसा? आणि मैदानावर जिंकलेली जागा कागदावर हिरावून कशी घेता येते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. पण पहिल्या दोन प्रश्नांतून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

लीग वेगळी, कप वेगळा

आयर्लंडच्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये दहा क्लब असतात. प्रत्येक जण बाकीच्या नऊ जणांशी चार-चार वेळा खेळतो, म्हणजे मोसमात ३६ सामने. ज्याचे गुण सर्वाधिक तो विजेता, जो तळाला तो खालच्या श्रेणीत. ही झाली साखळी स्पर्धा. इथे एखाद्या दिवशी माती खाल्ली तरी भरून काढायला वेळ असतो.

कपात तो वेळ नसतो. ही बाद पद्धतीची स्पर्धा: हरलात की घरी. वरच्या श्रेणीचे क्लब आणि अगदी हौशी संघही एकाच चिठ्ठीत असतात. अंतिम फेरी गाठायला मोजके चार-पाच सामने जिंकावे लागतात. वर्षभर धडपडणाऱ्या संघाला तेवढे चांगले दिवस सापडू शकतात. ड्रॉहेडाला ते सापडले.

२०१० ची अंतिम लढत याहून टोकाची होती. नव्याने उभ्या राहिलेल्या अविवा स्टेडियमवरचा तो पहिलाच कप फायनल. स्लायगो रोव्हर्स आणि शॅमरॉक रोव्हर्स यांच्यात गोलच झाला नाही, सामना पेनल्टींवर गेला. स्लायगोचा गोलरक्षक सिआरन केली याने समोरच्या चारही पेनल्टी अडवल्या. पेनल्टींचा निकाल २-०. वर्षभराचा तक्ता असल्या गोष्टी पुसून टाकतो. कप त्यांच्यावरच जगतो.

एक बेट, दोन संघटना

आयर्लंड म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना क्रिकेट आठवतं. २ मार्च २०११ रोजी बंगळूरला केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकलं आणि आयर्लंडने इंग्लंडला हरवलं, तो संघ अख्ख्या बेटाचा होता. क्रिकेटमध्ये उत्तर आणि दक्षिण एकत्र खेळतात. रग्बीतही तसंच. फुटबॉलमध्ये मात्र दोन देश, दोन राष्ट्रीय संघ, दोन लीग आणि दोन कप.

ही फाटाफूट कपाच्याच भांडणातून झाली. १९२१ पर्यंत अख्ख्या बेटाचा फुटबॉल बेलफास्टच्या आयरिश फुटबॉल असोसिएशनच्या हातात होता आणि तिचा आयरिश कप १८८१ पासून चालू होता. १९२१ च्या उपांत्य फेरीत डब्लिनचा शेलबर्न आणि उत्तरेचा ग्लेनॅव्हन यांचा सामना बेलफास्टमध्ये बरोबरीत सुटला. रिवाजानुसार पुढचा सामना डब्लिनला व्हायला हवा होता. संघटनेने फर्मावलं, तोही बेलफास्टलाच. देशात तेव्हा स्वातंत्र्याचं युद्ध पेटलेलं, बेटाच्या फाळणीचा कायदा नुकताच झालेला. शेलबर्नने जायला नकार दिला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये वेगळी संघटना उभी राहिली, तीच आजची एफएआय, म्हणजे फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड. डब्लिनच्या क्लबांची बेलफास्टविरुद्धची नाराजी जुनीच होती. एका सामन्याच्या जागेने तिला निमित्त दिलं.

नव्या संघटनेने पहिल्याच मोसमात स्वतःचा कप सुरू केला. १९२२ चा पहिला अंतिम सामना सेंट जेम्सेस गेट आणि शॅमरॉक रोव्हर्स यांच्यात झाला. तो बरोबरीत सुटला आणि फेरसामना सेंट जेम्सेस गेटने १-० जिंकला. हा संघ गिनेस कंपनीच्या दारूभट्टीतल्या कामगारांचा. आणि गंमत म्हणजे १९२३ चा दुसराच कप आल्टन युनायटेड या बेलफास्टच्या क्लबने नेला. उत्तरेतल्या काही क्लबांनाही तेव्हा डब्लिनशी जोडून घ्यावंसं वाटत होतं. पण त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवताना डब्लिनच्या संघटनेला आपली हद्द नव्या राज्याच्या २६ परगण्यांपुरतीच धरावी लागली आणि ते दार लागलं.

मग डेरी इकडे कशी?

ते दार एकाच क्लबासाठी पुन्हा किलकिलं झालं.

डेरी शहर सीमेला अगदी खेटून आहे. १९६० च्या दशकाअखेर उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार सुरू झाला आणि डेरी सिटीचं ब्रँडीवेल मैदान त्याच्या मध्यावर सापडलं. पाहुणे क्लब तिथे यायला तयार होईनात. १९७१ पासून डेरीला आपले घरचे सामने सुमारे पन्नास किलोमीटर दूर कोलरेनला खेळावे लागले. प्रेक्षक आटले, तिजोरी आटली. सुरक्षा दलांनी मैदान पुन्हा वापरायला हरकत घेतली नाही, तरी लीगच्या क्लबांनी परतायला मान्यता दिली नाही. शेवटी १९७२ मध्ये डेरीने ती लीगच सोडली.

पुढची तेरा वर्षं या शहराला वरच्या दर्जाचा फुटबॉल नव्हता. १९८५ मध्ये विशेष परवानगीने डेरी सिटी दक्षिणेच्या लीगमध्ये आली, सुरुवात दुसऱ्या श्रेणीतून. १९८८-८९ मध्ये त्यांनी लीग, एफएआय कप आणि लीग कप असे तिन्ही किताब एकाच मोसमात पटकावले.

असं सीमा ओलांडून खेळणं जगात नवलाचं नाही. कार्डिफ वेल्समध्ये, पण इंग्लंडच्या व्यवस्थेत खेळतं आणि १९२७ चा इंग्लंडचा एफए कप त्यांच्या नावावर आहे. डेरीच्या बाबतीत फरक एवढाच, की तिथे ही सोय नव्हती, हा शेवटचा पर्याय होता. म्हणून डेरीचे पाठीराखे अविवावर येतात तेव्हा ते नकाशाच्या दृष्टीने दुसऱ्या देशात येतात आणि फुटबॉलच्या दृष्टीने घरी.

कपासोबत मिळतं काय?

चांदीचं भांडं मिळतं, मिरवणूक मिळते. पण आयर्लंडमधल्या क्लबचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं तर तो वेगळंच सांगेल: जुलै.

युरोपातल्या क्लबांच्या तीन स्पर्धा असतात. सर्वांत वर चॅम्पियन्स लीग, मग युरोपा लीग, मग कॉन्फरन्स लीग. तिन्ही चालवते यूएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल महासंघटना. आयर्लंडचा लीगविजेता चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जातो. लीगमधला दुसरा, तिसरा आणि कपविजेता हे कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीत. या फेऱ्या जुलैत सुरू होतात. पहिल्याच दोन सामन्यांत गारद झालं तरी काही लाख युरो हाती पडतात. मोठ्या क्लबांना ही रक्कम चिल्लर वाटेल. लहान आयरिश क्लबच्या वर्षाच्या जमाखर्चात मात्र हाच सगळ्यात मोठा आकडा असू शकतो. ड्रॉहेडाचे खेळाडू तर काही वर्षांपूर्वीपर्यंत नोकरीधंदा सांभाळून खेळत होते. पैसा एकीकडे, शॅमरॉक रोव्हर्ससारखा क्लब २०२४-२५ मध्ये या वाटेने थेट बाद फेरीपर्यंत पोचला होता, तेव्हा स्वप्नही अगदीच हवेतलं नव्हतं.

आता २०२४ चा अंतिम सामना पुन्हा पाहा. डेरी लीगमध्ये चौथी आली होती, युरोपच्या जागांपासून एक पायरी खाली. कप जिंकला असता तर ती पायरी चढता आली असती. म्हणजे ती नव्वद मिनिटं दोन्ही क्लबांच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची होती. अँड्र्यू क्विनने पहिला गोल केला, डग्लस जेम्स-टेलरने दुसरा. हा जेम्स-टेलर इंग्लंडच्या वॉल्सॉल क्लबकडून ड्रॉहेडाला उसना मिळालेला खेळाडू होता. हा तपशील सुटायला नको, कारण पुढचा सगळा घोळ याच धाग्याला बांधलेला आहे.

मालक एक, क्लब अनेक

वॉल्सॉल आणि ड्रॉहेडा या दोन्ही क्लबांची मालकी ट्रिव्हेला ग्रुप या अमेरिकी गुंतवणूकदार समूहाकडे होती. वॉल्सॉल त्यांनी २०२२ मध्ये घेतला, ड्रॉहेडा त्यानंतर, आणि २०२४ च्या अखेरीस डेन्मार्कचा सिल्केबोर. एका मालकाच्या छत्राखाली असे अनेक क्लब असण्याला बहुक्लब मालकी म्हणतात. मुंबईकरांना हा प्रकार ठाऊक आहे: २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मूळ समूहाने मुंबई सिटी एफसीत ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

यात लहान क्लबचा फायदा असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पैसा येतो, खेळाडू शोधणारी माणसं येतात, उसने खेळाडू येतात. जेम्स-टेलरचा गोल हे त्याचं रोखठोक उदाहरण. स्थानिक पाठीराख्यांनी काढलेल्या वर्गणीवर चालणाऱ्या क्लबला असा मालक देवदूतच वाटतो.

अडचण येते ती दोन भावंडं एकाच स्पर्धेत उतरली की. यूएफाचा नियम सांगतो, की एकाच व्यक्तीचा किंवा कंपनीचा निर्णायक प्रभाव असलेले दोन क्लब एकाच युरोपीय स्पर्धेत खेळू शकत नाहीत. निर्णायक प्रभाव म्हणजे क्लबचे मोठे निर्णय फिरवण्याची ताकद, मग ती शेअरमुळे असो की संचालकांच्या नेमणुकीमुळे. सिल्केबोर त्या मोसमात डेन्मार्कच्या लीगमध्ये सातवा आला आणि त्यानेही कॉन्फरन्स लीगची जागा मिळवली. दोघांपैकी एकच आत जाणार. अशा वेळी आपापल्या देशाच्या लीगमधलं स्थान बघितलं जातं. सातवा विरुद्ध नववा. ड्रॉहेडा बाहेर.

इथे एक क्रूर विनोद दडलाय. लीगमध्ये तळाला रेंगाळूनही कप जिंकणं ही ज्या स्पर्धेची खरी मौज, त्याच तळाच्या क्रमांकाने शेवटी त्यांचा घात केला.

पण डेन्मार्कचा क्लब आणि आयर्लंडचा क्लब. बिघडतं काय?

जत्रेतल्या आखाड्यात दोन पैलवान एकाच वस्तादाच्या तालमीतले निघाले, तर कुस्ती खरी झाली तरी लोक तिला नुरा कुस्तीच म्हणणार. फेटा बक्षीस देणारा पंच कितीही सरळ असो, हाळी उठणारच. यूएफाचं म्हणणं साधारण हेच आहे. प्रत्यक्ष लबाडी झाली की नाही हा मुद्दाच नाही. लबाडीची शंका घ्यायला जागा राहता कामा नये.

आणि शंका फक्त दोघं आमनेसामने येण्याची नसते. गटात एका क्लबचं काम भागलं असेल आणि दुसऱ्याला मदत होईल असा निकाल हवा असेल, तर? चांगला खेळाडू ऐन वेळी इकडून तिकडे सरकवला, तर? १९९८ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा जोरात उभा राहिला. इनिक या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातले एईके अथेन्स आणि स्लाविया प्राग दोघेही यूएफा कपसाठी (आजच्या युरोपा लीगचं जुनं नाव) पात्र ठरले होते. प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं आणि १९९९ मध्ये लवादाने यूएफाचा नियम योग्य ठरवला. तेव्हापासून पाया तोच आहे.

मोठ्यांना मात्र वाट मिळते, असं नाही का?

हा आक्षेप सगळ्यात बोचरा आहे आणि पूर्ण खोटाही नाही. २०२४-२५ मध्ये मँचेस्टर सिटी आणि स्पेनचा जिरोना एकाच चॅम्पियन्स लीगमध्ये खेळले. मँचेस्टर युनायटेड आणि फ्रान्सचा नीस एकाच युरोपा लीगमध्ये. दोन्ही जोड्यांत सामाईक मालक होते. मार्ग काढला तो ब्लाइंड ट्रस्टचा: मालकाने एका क्लबमधले आपले शेअर तात्पुरते त्रयस्थ विश्वस्तांच्या हाती द्यायचे आणि त्या काळात त्या क्लबच्या कारभारात डोकावायचं नाही.

ही वाट ड्रॉहेडाच्या मालकांनाही कायद्याने खुली होती. पण ट्रस्ट उभारायला महागडे वकील लागतात, आधीपासून तयारी लागते आणि वेळ पाळावी लागते. मोठ्या समूहांकडे ही सगळी फौज पगारावर असते. नियम सर्वांना सारखा आहे. तो पाळायची ऐपत सारखी नाही.

तरी मोठा क्लब हमखास सुटतोच असंही नाही. क्रिस्टल पॅलेसने १७ मे २०२५ रोजी मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप जिंकला, त्यांचं पहिलं मोठं यश. त्यांच्यात ज्याचा हिस्सा होता त्या जॉन टेक्स्टरचा समूह फ्रान्सच्या लियाँचाही मालक. दोघेही युरोपा लीगसाठी पात्र. पॅलेसला खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकलण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये लवादाने त्यांचंही अपील फेटाळलं.

आणि ती तारीख

दोन्ही प्रकरणं शेवटी एका तारखेपाशी येऊन थांबतात: १ मार्च २०२५. मालकीची गुंतागुंत या दिवसापर्यंत सोडवलेली हवी, असं यूएफाने ठरवलं होतं. त्याआधीच्या मोसमात ही मुदत जूनच्या सुरुवातीची होती. जूनपर्यंत युरोपातल्या बहुतेक लीग संपलेल्या असतात, कोण पात्र ठरलं हे कळलेलं असतं. मार्चमध्ये यातलं काहीच ठरलेलं नसतं.

पॅलेसचंच बघा. १ मार्च २०२५ रोजी ते मिलवॉलविरुद्ध कपाची पाचवी फेरी खेळत होते. अंतिम सामना अडीच महिने दूर. ज्या कपाचा अजून पत्ता नाही त्याच्यासाठी मालकीची फेररचना त्या दिवसाअखेर झालेली हवी होती. हा नियम तर्काला धरून आहे हे मान्य करूनही त्यांच्याबद्दल वाईट वाटतं.

ड्रॉहेडाबद्दल वाईट वाटतं, पण वेगळ्या कारणाने. आयर्लंडचा मोसम फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. कप त्यांच्या कपाटात १० नोव्हेंबरपासून होता. युरोपची जागाही तेव्हापासून नक्की. सिल्केबोर पात्र ठरेल की नाही हे मार्चमध्ये कुणाला सांगता आलं नसतं, हे खरं. पण ठरू शकतो, एवढं दिसत होतं, आणि सावध मालकाला तेवढं पुरेसं आहे. लवादानेही तारीखच धरून ठेवली: १ मार्चला रचना बदललेली नव्हती, विषय संपला. माझ्या मते यात यूएफाचा ताठरपणा आहे, पण पहिला दोष मालकांच्या दारात जातो.

मग शिक्षा क्लबला का? कारण स्पर्धेत उतरतो तो क्लब. यूएफा मालकाला मैदानाबाहेर काढू शकत नाही, फक्त संघाला काढू शकते. गोल खेळाडूंनी केले, तिकिटं गावाने काढली, चूक कार्यालयात झाली. हा अन्यायच आहे. फक्त तो टाळण्याची कुठलीही यंत्रणा सध्याच्या नियमांत नाही.

पुढच्या वर्षी काय झालं

९ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच अविवावर शॅमरॉक रोव्हर्सने कॉर्क सिटीला २-० हरवलं. रोव्हर्स लीगचेही विजेते होते, म्हणजे दोन्ही किताब. कॉर्क त्याच मोसमात तळाला राहून दुसऱ्या श्रेणीत घसरलेला. कॉर्क जिंकला असता, तर दुसऱ्या श्रेणीत खेळता खेळता युरोपातही खेळण्याची वेळ त्याच्यावर आली असती. त्याला नियमाची आडकाठी नाही: २०१३ मध्ये इंग्लंडचा विगन असाच एफए कप जिंकून, लीगमधून घसरून युरोपा लीगमध्ये उतरला होता.

रोव्हर्स जिंकल्यामुळे गणित बदललं. लीगविजेते म्हणून ते चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत जाणारच होते, त्यामुळे कपाची जागा लीगमध्ये चौथ्या आलेल्या क्लबाकडे सरकली. त्या क्लबाने अंतिम सामन्यात एक चेंडूही मारला नव्हता. डेरीने आदल्या वर्षी चौथं येऊन, अंतिम सामना खेळून, हरून जे गमावलं होतं, ते या वर्षीच्या चौथ्या संघाला घरबसल्या मिळालं.